पिल्लू आणताय? मग वर्षभराचं काम अंगावर घ्या

धानाची कापणी उरकते, खळ्यावरचं काम आटोपतं आणि त्याच सुमारास गावोगावच्या कुत्र्या वितात. पुढे जानेवारीत सूरजागडच्या पहाडावर ठाकूरदेवाची यात्रा भरते. इलाख्यातली माणसं पायी, सायकलीनं, ट्रॅक्टरनं निघतात. त्या दिवसांत एटापल्ली तालुक्यातल्या कुठल्याही टोल्यावर जाऊन बघा. एखाद्या घराच्या ओसरीत, चुलीच्या राखेच्या उबेला चार-पाच पिल्लं एकमेकांच्या अंगावर पडून निजलेली दिसतील. परतीच्या वाटेवरचा पाहुणा थांबतो, त्यातलं एक गुबगुबीत पिल्लू उचलतो, "हे मला द्या जी" म्हणतो आणि पिशवीत टाकून नेतो. घरधनी काही मागत नाही. उलट एक तोंड कमी झालं म्हणून त्याला बरंच वाटतं.

वाचकहो, इतक्या सहजपणे आपल्याकडे कुत्रं घरात येतं. बैलजोडी घ्यायची तर आपण चार बाजार फिरतो, दात मोजतो, खूर पाहतो, चालवून बघतो. शेळी घेतानाही घासाघीस करतो. पिल्लू मात्र फुकटात मिळतं, म्हणून त्याचा विचारही फुकटाचाच होतो. आणि चूक होते ती इथेच.

गोंडीत कुत्र्याला 'नै' म्हणतात. जंगलातल्या गावात हा 'नै' शोभेसाठी पाळलेला नसतो. बांधीत रानडुक्कर शिरलं की पहिली आरोळी तोच ठोकतो. रात्री गोठ्याच्या मागे काही हललं की घराला जाग त्याच्यामुळेच येते. मोहफुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाईला तो सोबत करतो. पण हाच कुत्रा नीट वाढवला नाही, तर काय होतं? तो कोंबड्या मारतो, पोरांना चावतो, बिबट्याला घराच्या दारापर्यंत आणतो आणि एखाद्या वर्षी पिसाळून घरातल्याच माणसाच्या जिवावर उठतो. पिल्लू तेच असतं. ते राखणदार होणार की संकट, हे त्याच्या पहिल्या वर्षात ठरतं. आणि ते वर्ष आपल्या हातात असतं.

माझ्या घरचा धडा

दुसऱ्याला सांगण्याआधी स्वतःची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी असंच एक पिल्लू मी आणलं. जेमतेम महिन्याचं असेल. आईचं दूध तोडून आणलेलं. घरी आणल्यावर वाटीभर गाईचं दूध दिलं, पोरांनी दिवसभर हातांत खेळवलं. लस दीड-दोन महिन्यांनी देऊ, असं मनाशी ठरवलं. पण धान विकायचं होतं, मग लग्न निघालं, मग दवाखान्याकडे जाणारी गाडी चुकली. अडीच महिन्यांचं झालं असेल तेव्हा एका सकाळी त्यानं खाणं सोडलं. दुपारी ओकारी, संध्याकाळी रक्ताचे जुलाब, घरभर कुजका वास. तिसऱ्या दिवशी गेलं. मुलं रडली. मी त्याला परसात पुरलं आणि "नशीब" म्हणून मोकळा झालो.

नशीब नव्हतंच ते. त्या रोगाचं नाव पार्व्हो. दीड महिन्यापासून सहा महिन्यांपर्यंतच्या पिल्लांना तो हटकून गाठतो, आणि त्याला अटकाव करणारी लस आहे. पुढे कळलेली गोष्ट अशी, की हा विषाणू मातीत कित्येक महिने जिवंत राहतो. म्हणजे त्याच अंगणात लगेच दुसरं पिल्लू आणलं असतं तर तेही गेलं असतं. हे सगळं आधी माहीत असतं तर, असं वाटून राहिलं. म्हणून हा लेख.

कधी आणायचं, कोणतं आणायचं?

पिल्लाचे डोळे जन्मल्यावर दहा ते चौदा दिवसांनी उघडतात. तिसऱ्या आठवड्यापासून ते भावंडांशी खेळायला लागतं. या खेळातच ते एक मोठी गोष्ट शिकतं. जोरानं चावलं की भावंडं ओरडतात आणि खेळ थांबतो, म्हणजे दात किती लावायचा हे त्याला उमगतं. महिन्याचं पिल्लू आईपासून तोडलं तर ही शाळा अर्धवट राहते. अशी पिल्लं पुढे चावरी निघण्याचा संभव जास्त. म्हणून आठ आठवडे, म्हणजे पूर्ण दोन महिने झाल्याशिवाय पिल्लू उचलू नये. यात्रेत आवडलं असेल तर घरधन्याला सांगून ठेवा, "हे माझं, महिन्यानं नेतो." तेवढा महिना थांबा.

निवडताना सगळ्यांत आडदांड पिल्लू घेण्याचा मोह होतो. कोपऱ्यात दबकून बसणारंही नको आणि सगळ्यांना ढकलून अंगावर धावून येणारंही नको. टाळी वाजवली की दचकून मग कुतूहलानं पुढे येणारं पिल्लू निवडा. नाक-डोळे स्वच्छ हवेत. पोट ढोलासारखं फुगलेलं असेल तर आत जंत आहेत असं समजा. शक्य असेल तर आईही बघून घ्या. आई शांत असेल तर पिल्लू शांत निघण्याची आशा जास्त.

आता गडचिरोली-चंद्रपूरकडच्या तरुण पोरांनाही मोबाईलवर बघून जर्मन शेफर्ड, रॉटवायलर हवा असतो. दाट केसांच्या या जातींना आपला मे महिना सोसत नाही, खाण्याचा खर्च झेपत नाही आणि दुखलं-खुपलं तर गावात इलाज नाही. आपलं गावठी कुत्रं पिढ्यान्‌पिढ्या याच उन्हात आणि पावसात वाढलेलं आहे. अंगावर केस कमी, पाय लांब, भूक माफक, कान तिखट. त्याला कमी लेखू नका.

पहिला आठवडा

पहिल्या रात्री पिल्लू रडतं. त्यानं कधी एकटं झोपून पाहिलेलंच नसतं. रडतं म्हणून मारू नये, आणि दर वेळी उचलूनही घेऊ नये. आईच्या अंगाचा वास लागलेलं एखादं पोतं सोबत आणा, तेच अंथरा. माणसांच्या जवळ, पण त्याची स्वतःची एक जागा ठरवून द्या. तीन-चार रात्रींत ते निवतं.

घाणीचं म्हणाल तर युक्ती सोपी आहे. पिल्लू झोपून उठलं की, खाल्लं की, खेळून थांबलं की त्याला मोकळं व्हायचं असतं. या तिन्ही वेळी त्याला उचलून परसातल्या एकाच ठरलेल्या जागी न्यायचं. तिथे केलं की पाठीवरून हात फिरवायचा. घरात केलं तर नाक घासायचं नाही. घटना घडून गेल्यावर मार दिला तर मार कशाचा हे कुत्र्याला समजत नाही, एवढंच कळतं की हा माणूस अचानक मारतो. पंधरवडाभर ही मेहनत केली की पुढे दहा वर्षं सुख.

एक सूचना सूरजागडच्या रस्त्यालगतच्या गावांसाठी. २०२१ पासून इथल्या खाणीतून लोहखनिज नेणाऱ्या जड वाहनांची वर्दळ एटापल्ली-आलापल्ली मार्गावर वाढली. थंडीत डांबर ऊब धरून ठेवतं, म्हणून कुत्री रात्री रस्त्यावर येऊन निजतात आणि चाकाखाली जातात. रस्त्यावर झोपायची सवय पिल्लूपणीच लागते. म्हणून पहिल्या दिवसापासून रात्री पिल्लू आत किंवा कुंपणात ठेवा.

पोटात काय घालायचं?

दोन ते तीन महिन्यांच्या पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं द्यावं. पुढे सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा, त्यानंतर दोन वेळा पुरतं. नुसत्या भातावर किंवा पेजेवर पिल्लू पोट भरतं, पण हाडं भरत नाहीत. भातात अंडं, उकडलेली मासळी काटे काढून, कोंबडीचं काळीज, थोडी डाळ मिसळा. गाईचं निर्जल दूध काही पिल्लांना सोसत नाही, जुलाब होतात. तसं दिसलं तर दूध बंद करा. प्यायचं पाणी मात्र दिवसभर समोर हवं.

काय देऊ नये हे जास्त महत्त्वाचं. शिजवलेल्या कोंबडीची हाडं फुटून काट्यासारखी टोकदार होतात, आतडं फाडतात. कांदा, लसूण, मनुका कुत्र्याला बाधतात. चॉकलेट तर विषच. आणि आपल्याकडची खास गोष्ट म्हणजे मोहाची. आंबवलेल्या मोहफुलांच्या मडक्याला, गाळून टाकलेल्या चोथ्याला पिल्लू तोंड लावणार नाही इतकी काळजी घ्या. गंमत म्हणून कुत्र्याला दारू पाजणारे महाभाग असतात. ती गंमत नाही. कुत्र्याच्या लहानशा अंगाला थोडी दारूही जिवावर बेतते.

जंत, गोचीड आणि सुया

आता सगळ्यांत कामाची गोष्ट.

जंत बहुतेक पिल्लांना आईकडूनच मिळतात. पिल्लू घरी आलं की जंताचं औषध द्यायचं. तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, आणि पुढे दर तीन महिन्यांनी. औषधाचं माप वजनावर असतं. काटा घरी नसेल तर पिल्लू थैलीत घालून किराणा दुकानाच्या काट्यावर तोला, हसू नका. कुत्र्याच्या विष्ठेतून हे जंत अंगणातल्या मातीत जातात, आणि तिथे खेळणाऱ्या लेकरांच्या पोटातही पोचतात. म्हणजे पिल्लाला दिलेलं औषध पोरांनाही लागू पडतं म्हणा ना.

गोचीड हातानं, मुळाशी धरून, सरळ ओढून काढा आणि रॉकेलमध्ये किंवा साबणाच्या पाण्यात टाका. बैलांवर फवारायचं गोचिडाचं औषध अंदाजपंचे पिल्लाला चोळू नका. बैलाच्या मापाचं औषध पिल्लाला विष होतं. तसंच आपल्या तापाच्या गोळ्या कुत्र्याला घालू नका.

सुयांचा हिशोब असा. सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान पार्व्हो, डिस्टेंपर वगैरे रोगांची एकत्रित लस. तीन-चार आठवड्यांनी तीच पुन्हा, आणि पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे आणखी एकदा. तीन महिने पुरे झाले की रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस. तीही डॉक्टर म्हणतील तेव्हा परत आणि मग दर वर्षी. दवाखान्यात जायच्या आधी फोन करून लस आहे का ते विचारा, म्हणजे पिल्लू घेऊन फुकटची खेप पडणार नाही. एखादी लस बाहेरून विकत आणावी लागली तर ती बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणा. २ ते ८ अंशांच्या थंडाव्यात नसेल तर लस निकामी होते. खिशात घालून उन्हातून आणलेली सुई म्हणजे पाणी टोचल्यासारखं.

पहाडपट्टीत याला एक सोयही आहे. दिवाळीच्या आसपास जन्मलेल्या पिल्लाच्या सगळ्या सुया जानेवारी ते मार्चमध्ये पूर्ण होतात, नाले भरण्याच्या कितीतरी आधी. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की तालुक्याचा रस्ताच तुटतो, तेव्हा सुईचा दिवस गाठणार कसा? दरवर्षीची सुईही तेंदूच्या हंगामाआधी, याच दिवसांत उरकून घ्यावी. पिल्लाच्या सुयांचं कार्ड राशनकार्डासोबत ठेवा. हरवणार नाही.

हाक, दोरी आणि हात

शिकवण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे पोलीस खात्याचं कुत्रं येतं. तेवढं नको. आपल्या कुत्र्याला चार गोष्टी आल्या म्हणजे झालं. हाकेला येणं, दोरीनं चालणं, थांब म्हटलं की थांबणं, आणि कोंबड्या-शेळ्यांना हात न लावणं.

नाव दोन अक्षरी, ठसठशीत ठेवा. घरात प्रत्येकानं तेच नाव वापरायचं. आजी 'काळ्या' म्हणते, पोरगा 'टायगर' म्हणतो, बाप शिवी देतो, अशानं पिल्लू गोंधळतं. जेवणाची वाटी हातात घेऊन नावानं हाक मारा, 'ये' म्हणा, आलं की वाटी ठेवा. आठवड्याभरात नाव पक्कं होतं. मग वाटीशिवाय हाक मारा, आलं की भाकरीचा तुकडा. एक नियम मात्र मोडू नका. हाक मारून बोलावलेल्या कुत्र्याला कधीही मारायचं नाही. त्यानं काही केलं असलं तरी नाही. एकदा का हाकेचा आणि माराचा संबंध त्याच्या डोक्यात बसला की जंगलाच्या काठावर, ज्या क्षणी ते यायलाच हवं, त्याच क्षणी ते येणार नाही.

चार महिन्यांपासून सहा महिन्यांपर्यंत दुधाचे २८ दात पडून कायमचे ४२ दात येतात. हिरड्या शिवशिवतात, म्हणून ते चपला, दोर, बोटं, सगळं चावतं. त्याला जुन्या कापडाची गाठ द्या. बोट चावलं की 'आई गं' म्हणून हात मागे घ्या, खेळ बंद करा, पाठ फिरवा. भावंडांनी जे शिकवलं तेच तुम्ही पुढे शिकवताय. गालावर चापट्या मारून खेळवणं, 'छू, छू' करून पोरांच्या अंगावर सोडणं हे तर कटाक्षानं टाळा. आज ज्या खेळाला सगळे हसतात त्याच खेळाला उद्या शेजारचं पोर बळी पडतं.

कोंबड्यांची सवय दोरीनं लावा. पिल्लाला दोरीत धरून कोंबड्यांच्या जवळ बसा. बघून शांत राहिलं की तुकडा, झेप घेतली की दोरी आवळून 'नको' आणि दूर. रोज दहा मिनिटं, महिनाभर. मेलेली कोंबडी गळ्यात बांधून मारणं हा जुना उपाय क्रूर आहे आणि निरुपयोगीही.

दोन ते साडेतीन महिन्यांच्या वयात पिल्लू जे बघतं ते त्याला आपलं वाटतं. म्हणून या काळात त्याला पाहुणे, म्हातारे, डोक्यावर भारा घेतलेल्या बाया, छत्री, मोटारसायकल, बैलगाडी, ढोल हे सगळं दाखवून, ऐकवून ठेवा. पुढे हाटाला जाणाऱ्या प्रत्येक माणसावर धावून जाणारं कुत्रं हे बहुधा लहानपणी खुंट्याला बांधून वाढवलेलं असतं. आखूड साखळीनं कुत्रं तिखट होतं हा आपला गैरसमज. ते भेदरट होतं, आणि भेदरलेलं कुत्रं आधी चावतं. कुत्रं कायम बांधून ठेवून त्याला फिरायला न सोडणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे.

रानात नेताना

इथे आपल्या पट्ट्याचा प्रश्न इतर जिल्ह्यांपेक्षा वेगळा होतो. पुण्या-नागपूरच्या कुत्र्याला अंगणाबाहेर रस्ता लागतो. आपल्या कुत्र्याला अंगणाबाहेर जंगल लागतं.

पहिली गोष्ट, पिल्लाला सशामागे, चितळामागे धावायला शिकवू नका. पारध ही जुनी चाल होती हे खरं. पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारीला बंदी आहे आणि प्राणी हाकणं हेही शिकारीतच मोडतं. कायद्याचं सोडा. ज्या कुत्र्याला पाठलागाची चटक लागली ते राखण करत नाही. ते रात्र रात्र रानात भटकतं आणि एक दिवस परतत नाही.

दुसरी गोष्ट अस्वलाची. मोहफुलांच्या दिवसांत अस्वल आणि माणूस एकाच झाडाखाली येतात. मोकळं सोडलेलं कुत्रं अस्वलाला हुसकावतं, अस्वल उलटलं की घाबरून मालकाच्या पायाशी धाव घेतं, आणि अस्वल त्याच्यामागे. सोबतीला नेलेलं कुत्रंच संकट घेऊन आलं, अशी गत होते. म्हणून मोह वेचताना, तेंदू तोडताना कुत्रं न्यायचंच असेल तर दोरीनं न्या आणि हाकेला येणारंच न्या. नाहीतर घरी ठेवा.

तिसरी गोष्ट बिबट्याची. अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले भागात अभ्यासकांनी बिबट्यांची विष्ठा तपासली, तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि मोकाट कुत्र्यांचा निघाला. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूर भागात २०२२ मध्ये वाघ-बिबट्यांनी माणसं मारली, तेव्हाही वस्तीतला कचरा, डुकरं आणि मोकाट कुत्री हाच विषय पुढे आला. बाहेर उघड्यावर बांधलेलं कुत्रं म्हणजे बिबट्यासाठी वाढलेलं ताट. आज कुत्र्यासाठी आला, उद्या ओसरीवर झोपलेलं लेकरू दिसलं तर? म्हणून रात्री कुत्र्याला बंद खोपी हवी. बांबूच्या ताट्या, मजबूत दार, वरून झाकलेली. आतून भुंकलं तरी राखण होतेच. भुंकायला त्याला उघड्यावर असावं लागत नाही.

आणि चौथी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. आपल्या कुत्र्यांचे रोग जंगलात जातात. १९९४ साली आफ्रिकेतल्या सेरेंगेटीत डिस्टेंपरनं सुमारे एक तृतीयांश सिंह मेले. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीरमध्ये २३ सिंह दगावले, त्यांतही हाच विषाणू सापडला. आपल्या जंगलातला रानकुत्रा, म्हणजे कोळसून, हा तर कुत्र्याचाच भाऊबंद. एकाच नाल्यावर दोघं पाणी पितात. तुमच्या पिल्लाला टोचलेली एक सुई भामरागडच्या रानालाही पोचते, ती अशी.

दात लागला तर

हा भाग कृपा करून घरात मोठ्यानं वाचून दाखवा.

रेबीज झाल्याची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं या रोगानं मरतात, आणि माणसाला तो शंभरात नव्व्याण्णव वेळा कुत्र्याकडूनच होतो. भारतात दरवर्षी सुमारे ५७०० मृत्यू होतात, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अलीकडच्या पाहणीचा अंदाज आहे. चावे घेतलेल्यांत लहान मुलं फार.

लोक मोठ्या कुत्र्याच्या चाव्याला घाबरतात, पिल्लाच्या नाही. "एवढंसं पिल्लू, त्याचा दात लागला तर काय होतंय?" हे वाक्य जीवघेणं आहे. पिल्लालाही रेबीज होतो. ओरखडा काढला, जखम चाटली तरी धोका असतो. आणि रोग लगेच दिसत नाही. बहुधा दोन-तीन महिन्यांनी, कधी वर्षानंतरही उठतो. तोवर चावा विसरून गेलेला असतो.

म्हणून दात लागला की आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं जखम धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट, तंबाखू काही भरायचं नाही. टाके घालण्याची, पट्टी आवळून बांधण्याची घाई नको. मग लगेच सरकारी दवाखाना. तिथे लस मोफत मिळते. पहिली सुई त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. दंडात टोचायच्या पद्धतीत दिवस थोडे वेगळे असतात, डॉक्टर सांगतील तसं करा. जखम खोल असेल, रक्त आलं असेल, तोंडावर-मानेवर चावलं असेल तर जखमेतच टोचायचं वेगळं औषध लागतं. ते जवळच्या दवाखान्यात नसेल तर अहेरीला किंवा गडचिरोलीला जा, पण जा. दोन सुया घेऊन बरं वाटलं म्हणून उरलेल्या सोडू नका.

गावच्या पुजाऱ्यावर तुमची श्रद्धा असेल तर तिच्या आड कोणी येत नाही. सुई घेऊन या आणि मग पुजाऱ्याकडे जा. क्रम तेवढा उलटा नको.

चावलेलं कुत्रं मारून टाकू नका. बांधून दहा दिवस नजरेखाली ठेवा. मात्र त्या दहा दिवसांची वाट बघत आपली सुई थांबवायची नाही. स्वभाव एकदम बदलला, आवाज घोगरा झाला, लाळ गळते, जबडा लोंबतो, दिशाहीन पळतं, किंवा उलट अंधारात दडून बसतं, अशी लक्षणं दिसली तर जवळ जाऊ नका आणि पशुवैद्यकांना कळवा.

पिल्लांची पिल्लं

कुत्री सहा महिन्यांपासून वर्षाच्या आत माजावर येते, ६३ दिवसांच्या आसपास विते आणि वर्षातून दोनदा विऊ शकते. एका वेतात चार-सहा पिल्लं धरली तरी हिशोब तुम्हीच करा. त्यांतली एक-दोन कुणी नेतो. उरलेली हाटात, रस्त्यावर, जंगलाच्या तोंडाशी सोडली जातात. आपण ज्यांना मोकाट म्हणतो ती आभाळातून पडत नाहीत, कुणाच्या तरी ओसरीतूनच निघतात. म्हणून मादी आहे म्हणून पिल्लू नाकारू नका. मादी राखणीला नरापेक्षा उणी नसते. सहा महिन्यांच्या सुमारास पशुवैद्यकांना विचारून तिची नसबंदी करून घ्या. नराचीही करा, तो भटकायचा थांबतो. "नसबंदीनं कुत्रं मऊ पडतं, राखण करत नाही" ही समजूत चुकीची आहे. भुंकणं वेगळं आणि माजावर पळणं वेगळं.

नको झालेलं कुत्रं दूर नेऊन सोडणं हाही १९६० च्या त्याच कायद्यानं गुन्हा आहे. आणि आपलं कुत्रं दुसऱ्याला चावू नये याची काळजी न घेतल्यास जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. कुत्रं मुकं आहे, जबाबदारी मालकाची.

शेवटी

पहिलं पिल्लू गेल्यानंतर मी वर्षभर थांबलो. अंगणात पिल्लू जिथे जिथे बसायचं ती जागा धुऊन, उन्हात तापवून घेतली. मग दुसरं आणलं. पुरतं दोन महिन्यांचं, एक काळी मादी. तिच्या सुयांचं कार्ड आजही राशनकार्डासोबत आहे. ती चितळामागे धावत नाही, कोंबड्यांच्या मधून चालत जाते, रात्री खोपीत झोपते आणि मध्यरात्री बांधीच्या बाजूनं डुक्कर आलं की आतूनच असा आवाज काढते की आळीतली सगळी कुत्री जागी होतात. तिला मी काय दिलं? पहिलं वर्ष दिलं. बाकी सगळं तीच देते आहे.

तेव्हा वाचकहो, यंदा यात्रेहून येताना ओसरीतलं एखादं पिल्लू तुमच्या पायाशी लडबडलं तर उचलायच्या आधी स्वतःला एवढं विचारा. तालुक्याला सुयांच्या तीन-चार खेपा करीन का? रात्री बंद खोपी देईन का? रोज दहा मिनिटं त्याच्यासोबत बसेन का? तिन्हीला 'हो' असेल तर खुशाल न्या. एकालाही 'बघू' असेल, तर ते पिल्लू खाली ठेवा. त्याच्या आईजवळ ते जास्त सुखात आहे, आणि तुमचं गावही.